उसना श्वास

नवा गृहनिर्माणमंत्री जाहीर झाला, तेव्हा लायनेल क्रॅबट्रीच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते छापण्याजोगं नव्हतं.

"ह्यूगो वेदरॉल? या माणसाला आवाज तरी आहे का?"

"नसला तर शोध," मॉरीन गिल्क्राइस्ट म्हणाली. कार्यक्रमाची निर्माती ती. "त्यासाठीच तुला पोसतोय."

रीजंट स्ट्रीटच्या मागे एका तळघरातल्या स्टुडिओतून दर शुक्रवारी संध्याकाळी 'सभागृहाबाहेर' रेडिओवर थेट जायचा. समोर दीडएकशे प्रेक्षक, मायक्रोफोनपाशी चारपाच नट, आणि आठवडाभराच्या राजकारणाची अर्धा तास टवाळी. नकला सगळ्या लायनेलच्या. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, एक बिशप, दोन कामगारपुढारी, अशी सगळी गर्दी त्याच्या एकट्याच्या घशात राहायची.

आवाजाला मूठ लागते, असं तो म्हणायचा. कुणी शब्दाचं शेपूट ओढतो, कुणी 'स' दाताखाली दाबतो. ती मूठ हातात आली की बाकीचा माणूस आपोआप उचलला जातो. वेदरॉलला मूठच नव्हती. लायनेलने त्याच्या भाषणांच्या टेप झिजेपर्यंत ऐकल्या. नुसतं नळाचं पाणी. अशा वेळी धंद्यातली माणसं एक लबाडी करतात. नसलेली मूठ बसवून देतात. लोकांनी मंत्र्याला फारसं ऐकलेलं नसतं, त्यामुळे नक्कलच त्यांचा मंत्री बनते.

लायनेलने वेदरॉलला एक श्वास दिला. बोलण्याआधी आत ओढलेला, आखूड, कडेला बारीक शीळ असलेला. गार समुद्रात पाऊल टाकताना माणूस घेतो तसा. आणि मग, "बरं तर."

पहिल्याच शुक्रवारी प्रेक्षागृह कोसळलं.

तो श्वास लायनेलच्या वडिलांचा होता. हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीत आयुष्यभर लोकरीची धूळ गिळून त्यांच्या छातीत तो तयार झाला होता. लायनेल एकोणीस वर्षांचा असताना ते गेले. आवाज टेपवर घेण्याची चैन त्या गल्लीत कुणाला परवडत नव्हती. त्यामुळे तो आवाज जगात दोनच ठिकाणी उरला होता. लायनेलच्या डोक्यात आणि त्याच्या आईच्या.

हिवाळ्याच्या सुरुवातीला सकाळच्या बातम्यांत वेदरॉलची मुलाखत लागली. पहिल्या उत्तराआधी त्याने श्वास घेतला. आखूड, शीळ असलेला. "बरं तर," तो म्हणाला.

लेखकांच्या खोलीत आरोळी उठली. "साहेब तुझी नक्कल करायला लागले!" डेन्झिल ओरडला. निम्मे विनोद तोच लिहायचा. "लायनेल, आता तू मंत्रालयात जा आणि त्याला इथे बसव. देशाचं नुकसान व्हायचं नाही."

लायनेलही हसला. हे नवं नव्हतं. पुढारी आपली नक्कल चोरून ऐकतात, आणि ती होते म्हणजे आपण मोठे झालो असं मानतात. त्याने एका खासदाराला दिलेलं खोटं अडखळणं त्या खासदाराने वर्षाच्या आत उचललं होतं. तरी त्या दिवशी तो दोनदा उठून खिडकीपाशी गेला, आणि का गेलो ते त्याला सांगता आलं नाही.

रविवारी तो आईकडे हॅलिफॅक्सला गेला. एडी क्रॅबट्री ऐंशीला टेकली होती. शब्दकोडं शाईने सोडवायची आणि खाडाखोड करायची नाही.

"तुझा तो मंत्री परवा सभागृहातून बोलत होता," ती बटाटे वाढता वाढता म्हणाली. "कुणीतरी धुक्यावरून टोमणा मारला. तर म्हणतो कसा, वर कुणीतरी लोकर पिंजत बसलंय."

लायनेलची सुरी थांबली. धुकं उतरलं की वडील हेच म्हणायचे.

"आई, मी हे कार्यक्रमात कधीच म्हटलेलं नाही."

"तू म्हटलंस असं मी कुठे म्हणतेय? जेव, गार होतंय." मग थोड्या वेळाने, रश्श्याकडे बघत, "किती वर्षांनी ऐकलं रे. बरं वाटलं."

परतीच्या गाडीत त्याने वडिलांना आठवायचा प्रयत्न केला. रात्री पलीकडच्या खोलीतून ते म्हणायचे, "गड्या, दिवा घालव आता." शब्द आले. आवाज आला नाही. त्या जागी टेपवरच्या वेदरॉलचा तो सपाट, बोर्डिंग शाळेत इस्त्री केलेला आवाज आला. त्याने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. तोच. समोरची बाई मासिकावरून त्याच्याकडे बघायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतोय.

पुढचा आठवडाभर त्याला एका जागी बसवेना. तो न्हाणीघरात, जिन्यात, टॅक्सीत 'गड्या' म्हणून बघत राहिला. श्वास अजून नीट निघत होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"मी वेदरॉल सोडतोय," त्याने मॉरीनला सांगितलं.

"निवडणूक तोंडावर आलीय. डोकं फिरलंय का तुझं?"

"दुसऱ्या कुणाचाही आवाज दे."

"अरे बाबा, येत्या शुक्रवारी तो स्वतः येतोय. धर्मादाय निधीचा खास कार्यक्रम. दोन वेदरॉल, दोघांना एकेक प्रश्न, आणि खरा कोणता ते प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून सांगायचं. कल्पना त्याचीच. लायनेलच हवा म्हणाला."

लायनेलला नाही म्हणता आलं असतं. पण आपल्याकडून जे गेलं ते त्या माणसात नेमकं कुठे आहे, हे त्याला जवळून ऐकायचं होतं. जमलं तर परत घ्यायचं होतं.

शुक्रवारी वेदरॉल कलाकारांच्या खोलीत बसला होता. उंच, नीटनेटका, समोरच्या सँडविचांना हात न लावलेला. लायनेल आत येताच त्याने सचिवाला बाहेर पाठवलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"क्रॅबट्री, एक विचारतो. हसू नका." श्वास. "एडी कोण?"

लायनेल अंगातला कोट काढता काढता थांबला.

"मी झोपेत हाक मारतो म्हणे. या नावाची बाई माझ्या ओळखीत नाही. हे बायकोला पटवणं किती अवघड आहे, तुम्ही समजू शकाल." त्याने हसून बघितलं, जमलं नाही. "काल ड्रायव्हरला मी गड्या म्हणालो. पेपरवाल्यांना वाटतं, मतांसाठी चाललंय."

"एडी माझी आई."

मंत्री खाली बसला.

"मग घेऊन जा ना," तो हळू म्हणाला. "मी मागितलं नव्हतं."

"कसं नेऊ?"

"मला काय विचारता? धंदा तुमचा आहे."

लायनेलने खुर्ची ओढली. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला. "एकदा म्हणा," तो म्हणाला. "गड्या, दिवा घालव आता."

वेदरॉलने त्याच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि म्हटलं.

लायनेलने टेबलाची कड धरली. सगळं होतं. धूळ, पडलेल्या दाताची फट, दिवसभर यंत्रावरून ओरडून आलेला घोगरेपणा, आणि त्याखालची माया. फक्त ओठ परक्याचे होते.

"पुन्हा."

"नको," मंत्री म्हणाला. पण तेही त्याच आवाजात निघालं, आणि त्याने पटकन तोंडावर हात ठेवला.

दारावर टकटक झाली. "पाच मिनिटं, मंडळी!"

कोण बोलतंय ते प्रेक्षकांना दिसू नये म्हणून पुढे पडदा ओढला होता. मायक्रोफोन समोरासमोर होते. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. काचेपलीकडे मॉरीनने अंगठा वर केला.

लाल दिवा लागला.

निवेदकाने पहिला प्रश्न लायनेलला विचारला. घरांच्या तुटवड्याबद्दल सरकार काय करतंय?

लायनेलने श्वास घेतला.

हवा सरळ आत गेली. गुळगुळीत, स्वच्छ. शीळ नव्हती.

कागदावरचं वाक्य तरी म्हणायला हवं होतं. त्याने ते म्हटलं. सपाट, बिनचवीचं, नळाच्या पाण्यासारखं. इतके महिने जो आवाज त्याच्या हाती लागत नव्हता तो न शोधता आला होता.

कुणी हसलं नाही.

समोर वेदरॉलचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचे ओठ हलले. माझा आहे तो, असं काहीतरी.

मग त्याचा प्रश्न आला. "बरं तर," तो म्हणाला, आणि प्रेक्षागृह कोसळलं.

खरा मंत्री कोणता? लोकांनी लायनेलसाठी टाळ्या वाजवल्या. सभ्य, कंटाळलेल्या टाळ्या. आवाज ओळखण्यात एकानेही चूक केली नाही.

दिवा विझला. मॉरीन धावत आली. "काय आवाज काढलास रे! मेल्या, इतके दिवस कुठे लपवला होतास?"

"मॉरीन, ऐक."

"पुरे आता. संपला कार्यक्रम."

"मी काढत नाहीये," लायनेल त्या आवाजात म्हणाला. ती आणखी हसली.

वेदरॉल कोट न घेताच निघून गेला होता. लायनेल बाहेरच्या टेलिफोनपाशी गेला आणि त्याने हॅलिफॅक्सचा नंबर फिरवला. घंटा बराच वेळ वाजली.

"हॅलो?" आईला जरा धाप लागली होती.

"आई."

"कोण, मंत्रीसाहेब का? अहो, आत्ताच ऐकलं तुम्हाला. छान बोललात हो."

"आई, मी. लायनेल."

मग तिचा आवाज आला. परक्या मोठ्या माणसाशी बोलताना ती काढायची तो, अदबीचा.

"लायनेल होय? तो वर आहे, साहेब. बाबांशी गप्पा मारत बसलाय. धरा हं, बोलावते."

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग तिची हाक. आणि मग लाकडी जिन्यावरून कुणीतरी सावकाश खाली यायला लागलं.