डाव्या कानाशी वारा

खरं म्हणजे समर्थ गावंडे दामल्यांच्या दुकानात आला होता तो निवृत्त होणाऱ्या साहेबांसाठी सन्मानचिन्ह करून घ्यायला. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत पाट्या आणि सन्मानचिन्हं करणारी दुकानं ओळीनं सहा. त्यातल्या नेमक्या दामल्यांच्याच दारासमोर त्याला मोटरसायकल लावायला जागा मिळाली. बुधवारात गाडीला जागा मिळणं म्हणजे काय असतं ते पुणेकराला सांगायला नको. यालाच नशीब म्हणतात, दुसरं काय!

काउंटरवर नीरजा होती. वय सत्तावीस, हातात कसब आणि जिभेला धार. तिचे वडील माधवराव मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, आणि त्यांचा जुना कारागीर संतोष गणपतीच्या मूर्तीवर घालायचं पारदर्शक गोल झाकण पॉलिश करत होता. समर्थनं मजकूर लिहून दिला, तारीख विचारली, जायला वळला... आणि त्या झाकणापाशी थबकला. त्याच्या गोलाईवरून त्यानं हलकेच बोट फिरवलं.

"हे असं वळवलेलं... मोटरसायकलला करून मिळेल?"

"गणपती मोटरसायकलवर बसवणार आहात?" नीरजानं विचारलं.

तो मोठ्यानं हसला नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात मात्र काहीतरी चमकून गेलं, आणि नीरजाला उगीचच वाटलं की आपण जरा बऱ्या शब्दांत विचारायला हवं होतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. तो मूळचा यवतमाळचा, बँकेत अधिकारी. पुण्यात तीन वर्षं झाली म्हणून आता बदली आली होती, थेट आसामात, जोरहाटला. एक जानेवारीला हजर व्हायचं. सामान ट्रान्सपोर्टनं जाणार आणि हा स्वतः मोटरसायकलवर, तीन हजार किलोमीटर. पण गाडी पडली नेकेड, म्हणजे पुढं काच नाही, आडोसा नाही, येईल तो वारा सरळ छातीवर. दिवसभर चालवली की संध्याकाळी मान धरते, आणि वाटेत डिसेंबरातलं बिहारचं धुकं. बाजारात तयार काचा मिळतात, पण हा पडला सव्वासहा फुटी. त्या काचांवरून उडालेला वारा बरोबर हेल्मेटवर आदळतो आणि डोकं खुळखुळ्यासारखं वाजतं.

नीरजा बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आली. थंडीत स्वेटर न घालता शाळेला निघालेल्या पोरासारखी दिसत होती ती गाडी. असलं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. पण नाही म्हटलं तर हा शेजारच्या दुकानात जाईल, आणि ते काही तिला खपलं नसतं.

"रविवारी सकाळी या. माप घ्यायला लागेल."

"गाडीचं?"

"तुमचं," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचे कान तापले.

रविवारी गल्ली शांत होती. समर्थ हेल्मेट घालून गाडीवर बसला आणि नीरजा पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याइतकी हवी, म्हणजे वारा डोक्यावरून जातो आणि रस्ता काचेवरून दिसतो. ती पुठ्ठा वर-खाली करत होती. "आता रस्ता दिसतो?" दिसतो. "आता?" थोडा. "आता?" तिनं पाहिलं तर पुठ्ठ्याच्या कडेवरून दोन डोळे तिच्याकडेच बघत होते, अगदी शांतपणे. तिनं घाईघाईनं पेन्सिलीची खूण केली. ती थोडी वाकडी आली.

आठवडाभर तिनं पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे न फुटणाऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा कापला, तापवला, वळवला, कडा घासल्या. काच गाडीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे लोखंडी भाग संतोषनं केले. आणि चाचणीसाठी तिनं एक युक्ती शोधून काढली. लोकरीचे बोटभर धागे घ्यायचे आणि हेल्मेटवर, खांद्यांवर चिकटवायचे. जिथं वारा फाटतो तिथला धागा फडफडतो, जिथं आडोसा आहे तिथला गप्प राहतो. समर्थनं गाडी चालवायची आणि तिनं डाव्या बाजूनं स्कूटरवर जायचं, असं ठरलं. माधवरावांनी पेपरातून डोकं वर न काढता एकच अट घातली. चालवणाऱ्यानं रस्त्याकडे बघायचं, धाग्यांकडे नाही. म्हणून तिनं स्कूटरला फोन आडवा बांधला, कॅमेरा समर्थकडे करून. चित्रण व्हायचं आणि ती नंतर दुकानात धागे मोठे करून बघायची.

पहिल्या रविवारी खेड-शिवापूरच्या पुढे, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं शेजारी शेजारी गेले. धुक्याचा ओला वास, आणि समर्थ सूर्यफुलाच्या शेतासारखा पिवळ्या धाग्यांनी भरलेला. परत येऊन चहाच्या टपरीशी थांबल्यावर त्यानं हेल्मेट काढलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "छाती शांत, खांदे शांत, सगळं फार छान आहे. फक्त... डाव्या कानाशी वारा बोलतो."

चित्रणातही तेच. बाकी सगळे धागे गप्प आणि डाव्या कानाजवळचे दोन मध्येच उसळी घ्यायचे.

झालं! नीरजानं नवी काच केली, डावीकडे बोटभर रुंद. दुसऱ्या रविवारी तोच वारा. तिसरी काच केली, डाव्या कडेला वेगळी गोलाई देऊन. तिसऱ्या रविवारी पुन्हा डावा कान. दरम्यान हातांना थंडी लागू नये म्हणून मुठींपुढचे आडोसे झाले, चिखल उडू नये म्हणून मडगार्ड लांबवून झालं, सगळं पहिल्या फटक्यात जमलं. तो एक डावा कान काही ऐकेना.

आणि दर रविवारी चहा होताच. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांबरोबर गप्पा आल्या. त्यानं यवतमाळच्या घराबद्दल सांगितलं, एकट्या आईबद्दल सांगितलं. हेल्मेटच्या आत आपण मोठमोठ्यानं गातो, हेही कबूल केलं. नीरजानं त्याला सांगितलं की तिला शिल्पकार व्हायचं होतं, आणि ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. तिनं वळवलेल्या काचेवर हात ठेवून म्हणाला, मग झालात की. त्या दिवशी घरी येताना तिला दोनदा सिग्नल सुटलेला कळला नाही.

नीरजाला तो आवडला होता. फार आवडला होता. आणि एकवीस डिसेंबरला, सोमवारी सकाळी, तो जाणार होता. काच जमली की रविवार संपणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकदा तिच्या मनात आलंही, की राहू दे तशीच बिघडलेली, बघू काय होतं ते. पण खोटं काम तिच्या हातून होईना. रात्रीची झोप गेली तरी तिला तो डावा कान शांत करायचाच होता.

चौथ्या रविवारी मात्र तिला सडकून ताप आला. काच तीच, तिसरी. तिनं तिला हातही लावला नव्हता. तिच्याऐवजी स्कूटरवर संतोष गेला. दुपारी येऊन त्यानं फोन काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, ताई, सगळे धागे गप्प. डावे पण. गावंडेसाहेबसुद्धा म्हणाले, आज वारा कुठं गेला कोण जाणे.

असं कसं होईल? काच तीच, रस्ता तोच, वेग तोच. सोमवारी दुपारी, एक ते चारच्या वेळात, दुकानाचं शटर अर्धं ओढून माधवराव खुर्चीत डुलक्या घेत होते, तेव्हा नीरजा नाक पुसत जुनी चित्रणं घेऊन बसली. आजवर तिनं फक्त धागे मोठे करून पाहिले होते. आज पहिल्यांदा तिनं चित्र लहान केलं, अख्खा माणूस दिसेल इतकं.

धागे गप्प होते, तेव्हा समर्थ समोर बघत होता. धागे उसळले... हेल्मेट डावीकडे वळलेलं होतं. थेट फोनकडे. म्हणजे तिच्याकडे. वळता वळता तो थोडा झुकायचा, डोकं काचेच्या आडोशातून बाहेर यायचं आणि वारा त्याचा कान धरायचा. पुन्हा समोर, धागे गप्प. पुन्हा डावीकडे. दोन मिनिटांत सात वेळा.

आधी तिला राग आला. तीन काचा केल्या, बोटांची सालं निघाली, आणि ही काचेची चूक? मग तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि बाबा जागे होऊ नयेत म्हणून आवाज न करता हसत राहिली. हसता हसता डोळे भरून आले. कारण तरीही तो काही बोलला नव्हता, आणि जायला एकच आठवडा उरला होता.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. बोलावं का? की काच बसवून द्यावी आणि सुखानं जा म्हणावं? दिवसातून दहा वेळा तिनं ठरवलं आणि दहा वेळा मोडलं.

शनिवारी संध्याकाळी समर्थ काच पक्की बसवून घ्यायला आला. संतोष बाहेर गाडीशी लागला. माधवराव पेपरामागे होते.

"काच बरोबर आहे," नीरजा म्हणाली. "पहिलीही बरोबरच होती."

"मग डावा कान?"

तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं चित्रण पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्याचं बँकेतलं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं.

"मले... मले खरंच माहीत नव्हतं. मी समोरच पाहतो, असं वाटे मले."

"दोन मिनिटांत सात वेळा."

"मोजलं तुम्ही?"

"मी माझं काम नीट करते," ती म्हणाली. पण आवाज नेहमीसारखा कडक निघाला नाही.

हातातल्या हेल्मेटकडे बघत तो हळूच बोलू लागला. विचारायचं त्याच्या मनात पहिल्या रविवारपासून होतं. पण तिचं दुकान इथं, वडील इथं, आणि त्याची दर तीन वर्षांनी बदली. पुण्यातल्या मुलीला कुठल्या तोंडानं म्हणायचं, की चला जोरहाटला? म्हणून तो गप्प राहिला होता.

"म्हणजे प्रश्नही तुमचा आणि उत्तरही तुमचंच," नीरजा म्हणाली. "मी काय फक्त धागे चिकटवायला?"

मागे पेपर जरासा हलला.

समर्थनं हेल्मेट काउंटरवर ठेवलं. "नीरजा," तो म्हणाला, पहिल्यांदाच नुसत्या नावानं, "माझ्याशी लग्न कराल? याल माझ्याबरोबर?"

आठवडाभर तिनं एकाहून एक तिखट उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार. यायचंय मला. पण बाबांना एकटं टाकून..."

"माझ्या नावावर काही खपवू नकोस," पेपरामागून आवाज आला. "तू जन्मायच्या आधीपासून दुकान चालवतोय मी." माधवरावांनी पेपर खाली घेतला. त्यांचे डोळे ओले होते, पण बोलण्यात काही फरक नव्हता. "आणि गावंडे, लग्नाचं बोलायचं तर आईंना घेऊन घरी यायचं. दुकानात आम्ही फक्त पाट्या करतो."

वाटेत सोमवारी रात्री यवतमाळला मुक्काम होताच. त्या दिवशीच आईला सांगायचं, जोरहाटला हजर होऊन फेब्रुवारीत रजा काढायची आणि आईला घेऊन पुण्याला यायचं, असं समर्थनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नीरजा मान डोलवत राहिली. फेब्रुवारी तिला कधी नव्हे इतका लांब वाटला.

सोमवारी सकाळी सहाला ती स्कूटर घेऊन नगर रस्त्याच्या तोंडाशी उभी होती, शिक्रापूरपर्यंत सोबत करायला. थंडी कडाक्याची होती. समर्थची गाडी आली, वाटेच्या सामानानं लादलेली, पुढे तिची काच. तो सवयीनं थोडा उजवीकडे सरकला, तिला डाव्या बाजूला जागा ठेवून. तिनं नकारार्थी मान हलवली.

"आज मी पुढे राहते."

"का?"

"बघायचंच आहे ना? मग समोर बघा."

ती पुढे निघाली. आरशात त्याचा दिवा दिसत होता आणि काचेवरून सरळ तिच्याकडे वळलेलं हेल्मेट. आता ते जराही हलत नव्हतं. मागून गाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या. शिक्रापूरला तिला परत फिरायचं होतं. तिनं स्कूटरचा वेग तीसच्या वर जाऊ दिला नाही.