चुऱ्याला गार हात लागतात

फळं धुवा. सालं काढा. बोटाएवढ्या जाड फोडी करा.

बाजारात कुणी उचलत नाही ती सफरचंदं घ्यावीत, जरा आंबट, जरा सुरकुतलेली. फोडींवर साखर, दालचिनीची पूड, चमचाभर लिंबाचा रस. एवढं मला कामावरून आल्यावर खांद्यावरची पिशवी न काढताही जमतं. पाकपुस्तकात या पदार्थाला क्रंबल म्हणतात. आमच्या घरात त्याला चुरा म्हणतात. फळं खाली असतात खरी, पण सगळा जीव वरच्या चुऱ्यात.

आईने कृती कधी लिहून ठेवली नाही. इथे मीच मांडते आहे, परक्या माणसालाही करता यावी अशी. म्हणून ‘धुवा’, ‘करा’.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांना पुरवठा करणारी आमची कार्यशाळा आहे: लांब टेबल, डोक्यावर पांढरे दिवे, सगळीकडे प्लास्टरची धूळ. गुलाबी मेणाची पट्टी मऊ करायची, हिरडीच्या आकारात दाबायची आणि तीत एकेक दात उभा करायचा. बाकीचे मेण दिव्यावर धरतात. मला दिवा लागत नाही, बोटांच्या उबेनेच ते नरम होतं. आमच्या मुख्य कारागिरांना सगळे मास्तर म्हणतात. नव्या माणसाशी ते माझी ओळख करून देतात ती अशी, “ही आपली शेगडी. हात मिळवताना जपून.”

आईचं उलटं होतं. भर उन्हाळ्यातही तिचे हात नळाखालून काढल्यासारखे. लहानपणी ताप आला की ती कपाळावर हात ठेवायची आणि ओल्या पट्टीची गरजच पडायची नाही.

लोणी आयत्या वेळी फ्रीजमधून काढा. मैद्यात घालून बोटांच्या टोकांनी चोळा. तळवा लागू देऊ नका.

इथेच सगळी गोम आहे. लोणी वितळता कामा नये. गार राहिलं तर मैद्याचे खडबडीत दाणे होतात आणि भाजल्यावर ते कुरकुरतात. वितळलं तर लगदा होतो. आई भांडं डाव्या हाताने पोटाशी धरायची आणि उजव्या हाताने चोळत राहायची, खिडकीबाहेर बघत. मी जवळ गेले की म्हणायची, “तू लांब हो बाई. तुझे हात म्हणजे तवा.”

आई गेली आणि बाबाचं जेवण सुटलं. हट्टाने नाही, रागाने नाही. घास तोंडात ठेवायचा आणि विसरून जायचा. त्याची कवळी मीच केलेली, त्यामुळे दातांना दोष देता येत नव्हता. मी माझी खोली सोडून त्याच्याकडे राहायला आले. खिमट केलं, सूप केलं, पिठलं केलं, बाहेरून आणलं. सगळं ताटात निवायचं, मग फ्रीजमध्ये, मग कचऱ्यात.

डॉक्टरीणबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि मला बाहेर बोलावलं. “अजून उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. या वयात नळी एकदा गेली की निघेलच असं नाही. काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या.”

बाबाने दारातून ऐकलं होतं. रिक्षात म्हणाला, “ठमे, मी काय स्कूटर आहे का, नळी लावून टाकी भरायला?”

“मग खा ना रे बाबा.”

“खातो की.” आणि तो बाहेर बघत बसला.

दादा दुसऱ्या शहरात असतो. फोनवर तो नेहमी ताजातवाना. “त्याला आवडतं ते कर ना काहीतरी.”

“त्याला आई आवडते.”

“तसं नाही गं. खायला काय आवडतं?”

“चुरा.”

“मग कर की. डोंगर खणायचाय का?”

हा चुरा फोडींवर मोकळ्या हाताने भुरभुरा. दाबू नका.

भुरभुरायला काही उरलंच नव्हतं. लोणी माझ्या बोटांत विरघळलं, मैदा त्याला चिकटला आणि मी जे काही फळांवर पसरलं ते भाजून लादीसारखं निघालं. बाबाने चमच्याने टकटक केलं. “स्लॅब टाकलास होय?” हसला. मी पण हसले. बशी तशीच राहिली.

दुसऱ्यांदा मी शास्त्र लावलं. भांडं फ्रीजमध्ये ठेवलं, हात बर्फाच्या पाण्यात बुडवले. हात पुसेपर्यंत परत तवा.

तिसऱ्या वेळी काहीच लावलं नाही. आठवडाभर झोप पुरी झाली नव्हती. ओव्हनच्या वर भिंतीत असलेल्या खिडकीला टेकून, भांडं पोटाशी धरून, डोळे मिटून मी चोळत राहिले. ही खिडकी म्हणजे आईचीच कारागिरी. तिची काच बदलली तेव्हा काचवाल्याने घाईत पुट्टी फासली होती. ती निसटायला लागली म्हणून आईने अंगठ्याने दाबत दाबत सगळी चौकट पुरी केली. वर रंग द्यायचा राहिलाच. खालच्या कडेला तिचे अंगठे ओळीने उमटलेत, दगडासारखे वाळलेले.

डोळे उघडले तेव्हा भांड्यात मोकळा, कोरडा, जाडा चुरा होता. बोटांना तुपकटपणा नव्हता. माझा उजवा हात गार पडला होता. थंडीने काकडतो तसा नाही. फरशी गार असते तसा.

बाबाने सगळी बशी संपवली. मग आणखी मागितला.

“आली,” तो म्हणाला. “हाताला चव आली.”

त्याने माझा उजवा हात धरला आणि गालाला लावला. बराच वेळ. तो माझ्याकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता.

चिमूटभर मीठ घाला. विसरू नका. घातलंस ना?

यानंतर तो रोज खायला लागला. फक्त चुरा, फक्त मी केलेला. एकदा मी कामावर अडकले म्हणून शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडून माझ्याच सामानाने करवून घेतला. दिसायला माझ्यापेक्षा देखणा. बाबाने एक घास घेतला आणि त्यांच्याकडे बघून नम्रपणे चमचा खाली ठेवला.

“आम्हाला काय बाई हे नसते लाड जमत नाहीत,” काकू घरी जाताना मला म्हणाल्या. त्यांना लागलं होतं.

वजन वाढलं. थोडंसंच, पण वाढलं. मी खूश होते, जेवढं दमलेल्या माणसाला होता येतं तेवढी. हात मात्र रात्रभर पांघरुणात ठेवूनही गारच राहायचा. रक्ताभिसरण, मी म्हटलं. प्लास्टरने कातडी कोरडी होते, म्हटलं. गरम चहाचा पेला उजव्या हातात किती वेळही धरता यायला लागला.

कार्यशाळेत मेण नरम होईना.

“काय शेगडी, गॅस संपला वाटतं?” मास्तर म्हणाले. मी दिवा ओढून घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चारपाच दिवसांनी ते एक पट्टी घेऊन माझ्या टेबलाशी आले. चष्मा कपाळावर.

“हे कुणी केलंय?”

“मीच.”

“नाही. तुझ्या अंगठ्यावर सुरी लागल्याची आडवी रेघ आहे. तुझ्या प्रत्येक मेणात ती उमटते. मीच शेवटी पुसून घेतो, तुला कधी बोललो नाही.” त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली. “यात पुसायला काही नाही.”

मी अंगठा वळवून पाहिला. रेघ नव्हती.

“जखमा भरतात, मास्तर.”

“भरतात,” ते म्हणाले. आणि नेहमी काहीतरी चेष्टा करतात, ती केली नाही.

ओव्हन आधी तापवून ठेव. नंतर धावपळ नको.

लहानपणी आई आमचे शंख आणि चक्र मोजायची. बोटांच्या टोकावरच्या रेघा एका बाजूला वळून गेल्या की शंख, गोल गोल फिरल्या की चक्र. माझ्या दोन्ही अंगठ्यांवर शंख. “हे बाबांवर गेलंय,” ती म्हणायची आणि स्वतःचा अंगठा पुढे करायची. तिच्या अंगठ्यावर चक्र होतं, मधोमध ठिपका असलेलं, लक्ष्य काढावं तसं.

कातडी झिजते, रेघ पुसली जाते, हे मी मानायला तयार आहे. शंखाचं चक्र होत नाही.

मेणाचा एक तुकडा खिशातून घरी आणला. कामाचं भिंग आणलं. दुपारचं ऊन खिडकीवर होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. पुट्टीतल्या पहिल्या अंगठ्याशेजारी मी माझ्या उजव्या अंगठ्याचं मेण धरलं. ठिपका. त्याभोवती वर्तुळं. डावीकडे एक रेघ फुटून तिच्या दोन झालेल्या. मेणातही डावीकडे.

पुट्टीतल्या खळग्यात मी अंगठा ठेवून पाहिला. तो बसला. कवळी नीट बसते तेव्हा बारीकसा चिकटल्याचा भास होतो, तसा.

त्या दिवसापासून मी चुरा केला नाही.

लोणी फार वेळ बाहेर ठेवू नकोस.

बाबाने विचारलं नाही. पहिल्या दिवशी बशीची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी घास तोंडात ठेवून विसरला. मी वरण भरवलं, ते ओठांच्या कडेने खाली आलं. त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी राहायला लागली. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं.

दादाचा फोन आला. “अगं, खात होता ना? मधेच काय झालं?”

“मी करणं बंद केलं.”

“का?”

याचं उत्तर मी दोनदा मनात जुळवलं. “माझा हात गार पडतो.”

तो अगदी मायेने म्हणाला, “हातमोजे घाल ना, ठमे.”

मी फोन ठेवला. डाव्या हाताने. कार्यशाळेतलं कामही आताशा मी डाव्या हाताने करत होते, हळू, वाकडंतिकडं. पण डावा अजून तवा होता. मेण त्याला ओळखत होतं.

रविवारी दुपारी बाबा खुर्चीत बसला होता. हातात रिकामा चमचा. त्याने तो कुठून घेतला, मला कळलं नाही.

“ए बाबा, काय करतोयस?”

“काही नाही. तू दमलीयस, ठमे. राहू दे.”

तो खरंच तसं म्हणत होता. माझ्यासाठी म्हणत होता. म्हणूनच मी उठले.

फळं धू. सालं काढ.

काढली.

मैदा घे. अजून थोडा. बास.

भांडं पोटाशी धरलं. उजवा हात घातला. तो आपणहून चालत होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

असं पोटाशी धरून किती वेळ लागतो, बघतेस ना? भांडं खाली ठेव.

ठेवलं.

आता डावाही घाल गं.

डावा हात मी मानेला लावला. ऊब होती. गालाला लावला. पलीकडच्या खोलीत चमचा खुर्चीच्या हातावर वाजला, एकदाच, कुणी चुकून टेकवावा तसा.

डावा हात घातला.

मैदा गार होता. लोणी गार होतं.

मग गार असं काही वाटेनासं झालं.

चुरा फार सुरेख झाला. दाणा दाणा सुटा. वास घरभर गेला. ओव्हनमधून तापलेलं भांडं काढताना फडकं घ्यायचं राहिलं, आणि काही बिघडलं नाही.

“अगं,” पलीकडून हाक आली, “झालं का?”

आई त्याला जन्मभर जी हाक मारायची, ती मी कधीच मारली नव्हती. मी बशी भरली, चमचा ठेवला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“अहो,” मी म्हणाले, “फुंकून खा.”