रिकाम्या कप्प्याची रेषा

प्रयोगशाळेचं मशीन विकायचं ठरलं, म्हणून तपासणीला आमच्या मेकॅनिकला, गॉडफ्रेला बोलावलं होतं. सुट्टीची दुपार. वसईच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत सगळ्या गाळ्यांची शटरं खाली. एरवी शेजारच्या प्रेसच्या धडधडीने माझं डोकं उठतं, पण त्या दिवशी ती हवीशी वाटत होती.

आमची प्रयोगशाळा लहानशी. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, असल्या पातळ फिल्म तपासायच्या. मशीन डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतं. फिल्ममधले रेणू त्यातला आपापला वाटा गिळतात, पडद्यावर उंचवटे येतात आणि फिल्म कशाची आहे ते कळतं. पण आधी फिल्म न ठेवता, रिकाम्या कप्प्याची रेषा घ्यावी लागते. तेव्हा कुणी जवळ श्वास सोडला, तर तोही उमटतो.

विनया, माझी बायको, माझ्या बरोबरीने हे काम करायची. तोंडात कायम वेलची आणि डोकं कायम त्या कप्प्यात. मी खेकसायचो, "श्वास रोख!" मग बाई गाल फुगवून उभ्या. मी "सोड" म्हणेपर्यंत सोडायची नाही. मीही वात्रट, मुद्दाम उशीर करायचो.

मागच्या वर्षी तिची फुफ्फुसं गेली. हॉस्पिटलात मास्कखाली ती एकेका श्वासासाठी तडफडत होती, आणि जन्मभर आपण हिला काय सांगत आलो, एवढंच मला आठवत होतं. फार वाईट वाटतं हो. आजही वाटतं.

गॉडफ्रेने मशीन लावलं. पडद्यावर रेषा सरकू लागली.

"काका, मागे व्हा ना. तुमचा श्वास येतोय."

"मी दारात आहे रे."

तो स्वतःही माझ्याजवळ येऊन, नाक धरून उभा राहिला. मीही श्वास धरला. एसी बंद होता. पडद्यावरचा उंचवटा सावकाश वर आला... खाली गेला... पुन्हा वर आला.

"मग हा कोणाचा?" गॉडफ्रे पुटपुटला आणि त्याने क्रूसाची खूण केली.

मला वेलचीचा वास आला.

भीती वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगू? श्वास हॉस्पिटलातल्यासारखा तुटका नव्हता. शांत होता, पोटभर होता. माझे डोळे भरून आले. घे बाई, हवा तेवढा घे, असं म्हणायला मी मशीनपाशी गेलो. पण त्या मशीनसमोर तोंड उघडलं की जे बाहेर पडायचं, तेच पडलं.

"श्वास रोख!"

रेषा सपाट झाली.

"सोड," मी लगेच म्हणालो. "विनया, सोड गं... अगं सोड..."

रेषा हलली नाही. गॉडफ्रेने कप्प्यात फिल्म ठेवली. फिल्मचे उंचवटे बरोबर आले, म्हणजे मशीन ठीक होतं. मग त्याने कप्प्यात जोरात फुंकर मारली. काहीच उमटलं नाही. सामान तिथेच टाकून तो निघून गेला.

मशीन मी विकलं नाही. रोज शटर उघडलं की आधी "सोड" म्हणतो. मग कप्प्यावर वाकून माझा श्वास सोडून बघतो. तोही उमटत नाही.

वेलचीचा वास मात्र असतो. अगदी जवळ.