घंटेला बांधलेलं फडकं

"वय झालं की पंखवाले पडतातच," चष्मिष आणि ढोल्याचा काका म्हणाला.

पण चिमणीची आत्या म्हातारी नव्हती. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी टपालाची पिशवी घेऊन उडताना ती धाडकन फरशीवर आदळली होती. त्या ग्रहावर माणसं आणि पंखवाले तीन पिढ्या शेजारी राहत. पंखवाल्यांची चिमणी आणि माणसांतली चष्मिष व तिचा भाऊ ढोल्या एकाच मजल्यावर वाढले होते.

शहरावर काचेचा घुमट होता. आत वारा असा नव्हताच. मोठे पंखे हवा वर ढकलत आणि तिच्यावर पंखवाले तरंगत. पंखे दुपारी थोडा वेळ बंद होत. त्याआधी घंटा वाजे, म्हणजे सगळ्यांनी खाली उतरायचं.

"आत्या म्हणते, घंटा झालीच नाही," चिमणी म्हणाली.

"पंखाघरात तर आमचाच काका असतो," ढोल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं पंखाघरात शिरली. काका खाटेवर घोरत होता. घंटा आणि पंखे दोन्ही घड्याळावर चालत, त्याला नुसतं लक्ष ठेवायचं होतं. घंटेच्या लोलकाला मात्र फडकं गुंडाळलेलं होतं. निळ्या काठाचं, काकूच्या स्वयंपाकघरातलं.

"काढून टाकू," ढोल्या कुजबुजला.

"उद्या परत बांधेल," चिमणी म्हणाली. "आणि चूक आत्याचीच ठरेल."

चष्मिषने टपालखात्याच्या साहेबांना बोलावून आणलं, दाराआड उभं केलं आणि हाक मारली, "काका, उठ. तपासणीस आलेत."

काका ताडकन उठला. पंख्यांकडे न बघता तो थेट घंटेपाशी धावला आणि घाईघाईने गाठ सोडू लागला.

"सावकाश सोडा," साहेब पुढे येत म्हणाले.

"त्या आवाजात डोळा लागत नाही हो," काका पुटपुटला.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्या मजल्यासमोर तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास पोरांनो. किती जीव वाचवलेत." काकूने चष्मिषकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तिघं आत्याकडे गेली. डावा पंख आता उघडणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"चांगलं केलंत," आत्या म्हणाली. "आता माझी गादी तेवढी खाली घ्या."

पंखवाल्यांची गादी छताजवळच्या फळीवर असते. चिमणीने उडून ती ढकलली, खाली दोघांनी झेलली आणि फरशीवर अंथरली. गादी अंथरून होईपर्यंत आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.