झेंडूच्या कमानीखाली पडलेली फुलपाखरं

"यंदा वेदीवर आजोबांचा फोटो अब्रिल ठेवेल!" आजीने जाहीर केलं आणि युनुएनच्या हातातली झेंडूची माळ तुटता तुटता वाचली.

मृतांच्या सणात हा मान दरवर्षी तिचा असे. ही मामेबहीण शहरातून सुट्टीला काय आली, सगळ्यांची लाडकीच होऊन बसली!

"तव्यावरच्या मक्याच्या तोर्तियासारखी फुगलीस की!" शेजारचा एलिसेओ हसला.

"गप रे!"

तेवढ्यात बाहेरून अब्रिल ओरडली, "लवकर या! फुलपाखरं पडलीयेत!"

दोघं धावली. घरासमोरच्या कब्रस्तानाच्या दारावरच्या झेंडूच्या कमानीखाली केशरी फुलपाखरं तडफडत होती. याच दिवसांत ती लांबून डोंगरावर येत. त्यांच्या रूपाने आपली गेलेली माणसं घरी येतात, असं सगळं गाव मानी.

'हेही हिलाच आधी दिसायचं होतं!' युनुएन मनात चरफडली. पण खाली वाकताच तिला वास आला. अ‍ॅवोकॅडोच्या बागेत फवारतात, त्याच औषधाचा!

अब्रिलला यातलं काही कळत नव्हतं. युनुएनने ओठ घट्ट मिटले. नाहीच सांगणार!

"आजोबाही यांच्यातच असतील ना गं?" अब्रिलला रडू फुटलं. वरून आणखी फुलपाखरं कमानीवर उतरत होती.

युनुएनला राहवेना. "हाकला त्यांना! फुलांवर विष मारलंय!"

तिघं हात हलवत नाचू लागली. इतक्यात सजावटीचे प्रमुख एलाडिओकाका पाठीवर पंप घेऊन आले.

"सरका पोरांनो! पाहुणे येईपर्यंत फुलांना कीड लागायला नको. अजून एक हात मारतो!"

"काका, पण फुलपाखरं..."

"मला शिकवू नका!"

युनुएनने अब्रिलला कोपराने ढोसलं. अब्रिल लगेच गोड आवाजात म्हणाली, "काका, फोटो काढू तुमचा? पण पंप उतरवा. कसं रुबाबदार दिसायला हवं!"

काकांनी पंप उतरवला आणि ते मिशा पिळत उभे राहिले. एलिसेओने पंप उचलून धूम ठोकली, ती थेट आजीकडे!

आजी तरातरा आली. "एलाडिओ, घरी आलेल्यांना विष पाजतोस?"

काकांची मान खाली गेली. त्यांनी स्वतः कमान उतरवली आणि गावाने ताज्या फुलांची नवी बांधली.

"माझी अब्रिल किती हुशार!" आजी म्हणाली.

युनुएनने नाक मुरडलं.

"मी नाही हं, आजी! वास युनुएनने ओळखला. मी नुसती रडत होते."

आजीने दोघींच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाण्या गं माझ्या पोरी!"

"आजी, माझ्या पाठीवरून कमी फिरवलास!" युनुएन फणकारली.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा अब्रिल, आणि तिच्या पाठोपाठ युनुएनसुद्धा!