शेवटच्याच्या मागे

ती बॅटरी विझव बघू. सेल उगाच जळतात, आणि लाईट काही आज येत नाही. या, जवळ बसा सगळे. आणि तू गं, उद्या डोंगरावर निघालीस ना? त्यात झाडू म्हणून नाव दिलंयस म्हणे! हौसेला मोल नाही. मग हे ऐकून जा. ऐकीव नाही, आमच्या टेलरवर गुदरलेलं आहे. त्या रात्री मी खाली तळावर गाडी घेऊन होतो.

या बाकीच्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. तीन दिवस डोंगरातून पळायचं, ओळखीपाळखीच्यांनी त्यासाठी देणगी द्यायची, आणि ती सगळी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डला जायची. टेलरची मुलगी त्याच वॉर्डातून आपल्या पायांनी चालत घरी आली होती. त्यामुळे टेलर दरवर्षी हजर. पोट सुटलेलं, गुडघा कुरकुरतोय, पण गडी मागे हटायचा नाही. शेवटी सगळ्यांनी हात जोडले आणि त्याला झाडू केलं.

झाडू म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा. वाट कळावी म्हणून झुडपांना नारिंगी फिती बांधलेल्या असतात. शेवटचा पळणारा पुढे गेला की मागून झाडूने त्या काढत यायचं, डोंगर जसा होता तसा ठेवायचा. शेवटच्याने टोपी पाडली, बाटली विसरली, तर उचलायची आणि त्याची त्याला नेऊन द्यायची. तो बसला की आपणही बसायचं. त्याला सोडून जायचं नाही. आणि काहीही झालं तरी त्याला ओलांडून पुढे जायचं नाही.

"का हो काका?"

कारण एकदा कोणीतरी ओलांडलं होतं. टेलरच्या त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी. तेव्हा झाडू होता आपला मेडिकलवाला, आणि शेवटचे होते शाळेतले चित्रकलेचे मास्तर. धुकं उतरलेलं. मास्तर दगडाआड बुटाची नाडी बांधायला बसले. मेडिकलवाल्याला वाटलं, पुढे गेले. तो आपला फिती काढत काढत खाली आला. मास्तर उठून बघतात तर काय, सगळ्या डोंगरावर एक खूण नाही. हाका मारल्या असतील बिचाऱ्यांनी. कोण ऐकणार? सापडले ते दरीच्या तळाशी. फार वाईट झालं. सोन्यासारखा माणूस.

तर, टेलरची रात्र. शनिवार होता. दुसरा मुक्काम. चंद्र नऊच्या सुमारास मावळला, आणि नंतर डोंगर कुठे आणि आभाळ कुठे हेसुद्धा कळेना. टेलरच्या कपाळावर दिवा, पाठीला पिशवी, हातात दुकानातली दोरे तोडायची छोटी कात्री. वाऱ्याने आवळलेल्या गाठी बोटांनी सुटत नाहीत ना, म्हणून. पुढे दहा-वीस पावलांवर शेवटचा गडी चाललेला. दिव्यात नुसती पाठ दिसायची.

"सावकाश होऊ द्या हो," टेलर म्हणाला. "जेवण काही पळून जात नाही. आमच्या हिच्या हातचं आहे, त्याला जागचं हलवायलाच दोन माणसं लागतात!"

पुढून हूं नाही की चूं नाही. दमला असेल, टेलरने मनात म्हटलं, आणि पुढची फीत कापून पिशवीत टाकली.

साडेदहाला मी वॉकीटॉकीवर त्याला हाक मारली. "टेलर, कुठवर आलास? वहिनी ताट झाकून बसल्यात."

"येतोय रे. शेवटचा गडी अंमळ धीमा आहे."

मी मागे वळून बघितलं. तंबूत सगळे पाय चोळत बसलेले. हजेरी घेणाऱ्या बाईंना विचारलं, कोणी यायचं राहिलंय का? त्यांनी यादी पुढे केली, सगळ्या नावांपुढे खुणा.

"टेलर… सगळे आलेत. केव्हाच. तुझ्या पुढे कोणी नाही."

उत्तर आलं ते अगदी हळू…

"मग हा कोण?"

आणि खरखर. बस. मशीन मुकं झालं.

टेलरने मान वर केली. दिवा त्या पाठीवर पडला. राखाडी जाकीट. उजव्या खांद्यावर तपकिरी ठिगळ, कडेने दुहेरी टीप. टेलर एक वेळ माणसाचं तोंड विसरेल, पण स्वतःची शिवण विसरायचा नाही. ते ठिगळ त्यानेच लावलं होतं. शिलाई घेतली नव्हती. "राहू द्या मास्तर," म्हणाला होता, "तुमच्या पळण्यात माझा एवढा टाका."

टेलर थांबला.

पाठही थांबली.

तो गर्रकन मागे फिरला. पळून जावं… पण कुठे? मागे खूण कुठली? सगळ्या फिती त्याच्याच पिशवीत. स्वतःच्या हाताने स्वतःची वाट पुसत आला होता तो. तरी चार पावलं टाकली. पायाखालचा खडा निसटला. खाली गेला. पडल्याचा आवाज… आलाच नाही. टेलर जागच्या जागी खिळला.

वळून बघितलं. पाठ तिथेच. त्याच्यासाठी थांबलेली.

मागे दरी, पुढे ते. करतो काय? निघाला मागोमाग. हात सवयीने फिती कापत होते. फीत. पाऊल. फीत. पाऊल. मग एक दुभंगलेला खडक आला. हा खडक मघाशी येऊन गेला होता. फितींची वाट गोल कशी फिरेल? पण फिरली होती. आणि आता पुढे एकही फीत नव्हती. इथल्या त्यानेच काढल्या होत्या.

पाठ उभी राहिली. हलेना. वळेना.

वारासुद्धा नाही.

तेव्हा टेलरच्या डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांना वाट माहीत नाही. त्या रात्रीही नव्हती. ते फितीसाठी थांबलेत… आणि फीत सापडेपर्यंत आपल्याला सोडणार नाहीत. टेलरला भीती वाटत होतीच, पण रडू आलं ते भीतीने नव्हे, असं तो मला पुढे म्हणाला.

इकडे मला काही सुचेना. गाडीत बसलो आणि हॉर्नवर हात दाबून धरला. धरूनच ठेवला. तो आवाज वर पोहोचला. डावीकडून, खालून. टेलरला दिशा मिळाली. पण डावीकडची पायवाट एवढीशी, आणि तिच्या तोंडाशी ते उभं.

"मास्तर," तो म्हणाला. आवाज फाटला. "मास्तर, मी पुढे होतो. फिती बांधत जातो. तुम्ही… मागून या."

झाडूने मोडायचा नाही तोच नियम त्याने मोडला. डोळे मिटले. अंग चोरलं. जाकिटाची बाही दंडाला घासली. ओली. बर्फासारखी. हातातली कात्री निसटून पडली, दगडावर वाजली. तो वाकला नाही. वाकायची छातीच झाली नाही.

पुढे गेला. पहिली फीत बांधली, आपली टेलरची गाठ मारून. ती गाठ कापल्याशिवाय सुटत नाही, सगळ्या गावाने करून बघितलंय.

मागून पाऊल वाजलं.

एक फीत. एक पाऊल.

तो बांधायला थांबला की मागे शांत. चालायला लागला की… मागे बघितलं नाही. एकदाही नाही. हॉर्न, फीत, गाठ. हॉर्न, फीत, गाठ. बोटं सोलली, रक्त आलं. शेवटची फीत त्याने तळाच्या फाटकाला बांधली आणि माझ्या अंगावर कोसळला.

"मागे आहे का रे कोणी?"

मी दिवा मारला. "कोणी नाही."

वहिनींनी त्याला घोंगडीत गुंडाळला, आधी शिव्या घातल्या, मग गळ्यात पडून रडल्या. तो मात्र हसला. "सुटले मास्तर," म्हणाला. "दोन वर्षांनी का होईना, खाली आले."

उजाडल्यावर दोन पोरं फिती काढायला वर गेली. हात हलवत परत आली. म्हणाली, काका, वाटेवर एकही फीत नाही. मी फाटकाशी गेलो. तिथलीही नव्हती. वारा असेल, मी म्हटलं. वारा गाठी सोडतो का, ते मला कोणी विचारलं नाही.

टेलरला पुढे पळू दिलं नाही. मीच दोघांना गाडीतून घरी आणलं. पुढे दुकान, मागे घर. गुरुवारपासून शटर बंद, किल्ली वहिनींच्या पर्सला. कुलूप मी काढलं, शटर मी वर केलं.

टेलर आधी आत शिरला, आणि दारातच थांबला.

"मास्तर सुटले ना पण, काका?" अगं, मीही तोवर तसंच समजत होतो. तूच सांग, टेलर पुढे, मास्तर मागून; मग शेवटच्याने काही पाडलं तर ते कोण उचलतं? उचलून काय करतं?

कापायच्या टेबलावर नारिंगी फिती होत्या. सगळ्या. त्याने रात्री मारलेली एकही गाठ कापलेली नाही, सगळ्या सोडवून, फिती नीट गुंडाळून ठेवलेल्या. आणि त्यांच्यावर ती कात्री.

मी हात लावून बघितलं. दवाने ओली होती.