ग्राफमधली सातवी खोली

ही गोष्ट मी रचली आहे असं वाटलं तर आमच्या ताईला विचारा. फक्त काचेच्या खोलीत बसवून विचारू नका. ती उठून जाईल.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइट बनवते. त्या रविवारी दुपारी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. ती एकटी काचेच्या मीटिंगरूममध्ये बसली होती. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला काम दाखवायचं होतं. इमारतीच्या कोणत्या खोलीत किती माणसं आहेत, याचा ग्राफ. रेषेवर माउस नेला की आकडा दिसतो. खाली खोल्यांची नावं. नावावर क्लिक केलं की ती रेषा लपते आणि नाव राखाडी होतं.

सगळं कंटेनरमध्ये चालत होतं. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचा झाकणबंद डबा. जेवढं भराल तेवढंच आत. ताईने भरले होते सहा खोल्यांचे खोटे आकडे.

ग्राफ उघडला...

रेषा सात.

तिने सातवीवर माउस नेला. 'खोली ७. माणसं: १.'

डबा रिकामा करून पुन्हा भरला. तरी सात.

मग वैतागून तिने शुद्ध कामचुकारपणा केला. चूक शोधायची सोडून 'खोली ७' वर क्लिक केलं. रेषा लपली.

आणि...

एसीची घरघर थांबली. ताई टाइप करत होती, पण बटणांची टकटक येत नव्हती.

तेवढ्यात काचेबाहेर भोपळ्या आला. भोपळ्या तिचा धाकटा भाऊ, तिला न्यायला आलेला. ताईने हात हलवला. तो काचेला नाक लावून आत बघत राहिला... तिच्या आरपार.

"आई, ताई इथे नाहीये," तो फोनवर म्हणाला. "खुर्ची रिकामी आहे. मला बोलावून स्वतः पसार झाली असेल, नेहमीसारखी."

त्याचं सगळं तिला ऐकू येत होतं. तिने दार ओढलं. दार हलेना. दोन्ही मुठींनी काच बडवली...

आवाजच नाही.

भोपळ्या बाहेरचे दिवे घालवायला लागला.

ताईच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. रेषा! सातवी खोली म्हणजे हीच, आणि ते एक माणूस म्हणजे आपणच! तिने राखाडी नावावर क्लिक केलं. काहीच नाही. पान गोठलं होतं. मग तिने कंटेनर बंद करून नव्याने सुरू केला. नव्याने सुरू झाला की सगळ्या रेषा दिसतात. लपवलेलं त्याच्या लक्षात राहत नाही.

भोपळ्याने लिफ्टचं बटण दाबलं.

ग्राफ उघडला. खोली ७. माणसं: १.

एसी घरघरला. ताई किंचाळली.

भोपळ्या दचकून वळला. "अगं, टेबलाखाली लपली होतीस? वय काय तुझं?"

ताई रडत हसली आणि लॅपटॉप मिटायला गेली. तेव्हा तिला दिसलं...

सातच्या खाली आणखी एक नाव. 'खोली ८.'

राखाडी.

सगळं नव्याने सुरू होऊनही. आणि ते तिने लपवलं नव्हतं.

"चल ना," भोपळ्या म्हणाला. "कोणाची वाट बघतेस?"

तिने क्लिक केलं नाही. सोमवारी दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं नव्याने बांधून दाखवलं. रेषा सहाच. ग्राहक खूश.

पण ताईला झोप लागत नाही. आत कोणी काच बडवत असेल तर? मी म्हणते, ज्याने लपवलं त्याने आत जे आहे त्याला घाबरून लपवलं असेल तर?

तो कंटेनर तिने परत सुरू केलेला नाही.

पुसलेलाही नाही. पुसला तर आत जे कोणी आहे त्याचं काय होईल, हे आम्हा दोघींनाही सांगता येत नाही.